चेटकीण दिसते, तिला चेटकीण ठरवणारे का दिसत नाहीत?

रानजाई

१९७५ साली अमेरिकेतल्या 'मिस्टर रॉजर्स नेबरहुड' या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात मार्गारेट हॅमिल्टन आल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, बोलणं मायाळू. गप्पा मारता मारता त्यांनी मुलांच्या देखत काळा झगा चढवला, टोकदार टोपी डोक्यावर ठेवली आणि हे सोंग कसं उभं राहतं ते समजावून सांगितलं. १९३९ च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधली हिरव्या तोंडाची दुष्ट चेटकीण म्हणजे याच बाई. सिनेमात येण्याआधी त्या बालवाडीत शिकवायच्या. आपल्या त्या भूमिकेला पोरं घाबरतात, याची त्यांना पुढे आयुष्यभर काळजी वाटत राहिली.

तो हिरवा रंगही सिनेमाचाच. एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या पुस्तकात ही चेटकीण हिरवी नाहीच. ती एकाक्ष आहे, आणि त्या एका डोळ्याने तिला दुर्बिणीतून दिसावं तसं लांबवरचं दिसतं. सिनेमा रंगीत होता, टेक्निकलर तेव्हा नवलाईचं होतं, पडद्यावर रंग उठून दिसायला हवे होते. त्यापायीच पुस्तकातले नायिका डोरोथीचे चंदेरी बूट सिनेमात माणकासारखे लाल झाले. हॅमिल्टनबाईंच्या तोंडाला जो हिरवा रंग फासत, त्यात तांबं असायचं. २३ डिसेंबर १९३८ रोजी धुरात आणि ज्वाळांत गडप होण्याचा प्रसंग चालू होता. बाई पुरत्या खाली जायच्या आतच आग भडकली. त्यांचा चेहरा आणि हात भाजला, आणि त्या भाजलेल्या कातडीवरचा रंग स्पिरिटने पुसून काढावा लागला. बऱ्या होऊन सेटवर परतल्यावर त्यांनी आगीचा प्रसंग पुन्हा करायला साफ नकार दिला. आज हॅलोविनला जगभर जी हिरवी चेटकीण मिरवते, ती या एका सेटवरून निघालेली आहे.

याच सिनेमात ग्लिंडा ही चांगली चेटकीण डोरोथीला सांगते की कुरूप असतात त्या फक्त वाईट चेटकिणी. असल्या साच्यांचं मूळ फार मागे जातं. १५०० च्या आसपास जर्मन चित्रकार ड्यूररने बोकडावर उलट्या तोंडाने बसलेली, अंग सुकलेली म्हातारी कोरली. त्याच्याच कार्यशाळेत शिकलेल्या हान्स बाल्डुंग ग्रीनने १५१० साली रात्री जमलेल्या उघड्या चेटकिणींचं चित्र लाकडी ठशातून छापलं. छपाईचं युग सुरू झालेलं होतं, चित्रं भराभर पसरली. तेव्हापासून चेटकीण एक तर हडकुळी म्हातारी, नाहीतर पुरुषांना नादी लावणारी तरुणी. डिस्नेने १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मध्ये या दोघी एकाच बाईत बसवल्या: आधी देखणी राणी, मग औषध पिऊन झालेली म्हातारी.

आता या चित्रांमागची खरी माणसं बघा. साधारण १४५० ते १७५० या काळात युरोपात आणि युरोपी वसाहतींत ४०,००० ते ६०,००० माणसं चेटूक केल्याच्या आरोपाखाली मारली गेली, असा आज इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतल्या साधारण तीन चतुर्थांश बायका. सगळीकडे असंच होतं असं नाही, आइसलंडमध्ये जाळलेले बहुतेक पुरुष होते. आरोप काय? शेजारणीच्या गाईचं दूध आटलं. ताक घुसळून लोणी येईना. गारपीट झाली. तान्हं मूल दगावलं. एक म्हातारी दारात मागायला आली, तिला हाकललं, ती जाताना काहीतरी पुटपुटली आणि पुढच्याच आठवड्यात घरातलं कुणी अंथरुणाला खिळलं.

मला जे म्हणायचंय ते एवढंच: या बायकांवरचा आरोप खोटा होता आणि पडद्यावर तो जवळजवळ नेहमी खरा निघतो. बाई खरंच उडते, खरंच मूल पळवते, खरंच शाप देते. कॅमेरा तिच्या नखांवर, केसांवर, डोळ्यांवर. गाईचं दूध आटलं म्हणून बोट दाखवणारा शेजारी, त्याची फिर्याद लिहून घेणारा पाद्री, लाकडं आणून रचणारा गडी, यांच्यावर कॅमेरा कधी थांबत नाही. सगळा सिनेमाभर आपण गावाच्या बाजूने बसलेलो असतो.

याला छेद देणारा मी पाहिलेला सगळ्यात ताकदीचा सिनेमा म्हणजे कार्ल ड्रायरचा 'डे ऑफ रॅथ'. १९४३ साली, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना काढलेला. गोष्ट १६२३ ची. हर्लोफ्स मार्ते नावाची म्हातारी झाडपाल्याचं औषध देत बसली आहे, तोच बाहेरून जमावाचा आवाज येतो. ती पळते, पाद्र्याच्या घरात लपते, सापडते. तिच्या छळाच्या प्रसंगात कॅमेरा आधी सावकाश जमलेल्या पाद्र्यांवरून सरकत जातो. गंभीर, सुशिक्षित, कर्तव्य करत असलेले चेहरे. मग तिला शिडीला बांधून आगीत लोटतात आणि शाळकरी मुलं शेजारी उभी राहून प्रार्थना गातात. त्या पाद्र्याची तरुण बायको ॲन हे सगळं बघते. पुढे नवऱ्याचा मृत्यू होतो, सासू तिच्याकडे बोट करते, आणि शेवटी शवपेटीशी उभी राहून ॲन स्वतःच कबूल करते की मी चेटकीण आहे. तिला ते पटलेलंच असतं. आरोप माणसाच्या आत कसा शिरतो, हे इतकं स्पष्ट मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आरोप करणाऱ्यांकडे बघणारे सिनेमे, नाटकं, मालिका तुम्हाला आठवतात का? कुठल्याही भाषेतले चालतील.

बोस्टनकर

१६९२ च्या चेटकाच्या खटल्यांसाठी ओळखलं जाणारं सेलम आमच्यापासून तासाभरावर. भारतातून पाहुणे आले की एक चक्कर ठरलेली. पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवर बसलेली चेटकीण, शाळेच्या संघाचं नाव 'विचेस', आणि भर गावात 'बीविच्ड' या १९६४ ते १९७२ चाललेल्या मालिकेतल्या समँथाचा ब्राँझचा पुतळा. २००५ साली बसवला. चंद्रकोर, झाडू, हसरा चेहरा. सगळे तिथे फोटो काढतात.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर १९९२ साली केलेलं स्मारक आहे. दगडी कुंपणातून बाहेर काढलेले बाक, प्रत्येकावर एक नाव, मारल्याची तारीख आणि कसं मारलं ते. १६९२ साली १९ जणांना फाशी दिलं, १४ बायका आणि ५ पुरुष. जाइल्स कोरी हा म्हातारा शेतकरी खटल्याला सामोरं जायला तयार होईना, म्हणून अंगावर दगड चढवत चढवत त्याला चिरडला. आणखी किमान ५ जण तुरुंगात मेले. कुणालाही जाळलेलं नाही. इथे इंग्रजी कायदा होता आणि त्यात चेटकाला फाशी होती. तरी सेलमचं नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांसमोर चिता उभी राहते, ती पडद्यावरूनच आलेली.

रानजाईताई, तुमच्या मुद्द्याला धरूनच सांगतो. आर्थर मिलर यांचं 'द क्रुसिबल' हे १९५३ चं नाटक अमेरिकी सिनेटर मॅकार्थीच्या काळातल्या कम्युनिस्ट-शोधावर बेतलेलं, १९९६ च्या सिनेमाची पटकथाही त्यांचीच. बोट दाखवणाऱ्यांवरचंच नाटक आहे हे. पण त्यात ॲबिगेल १७ वर्षांची आहे, तिचे जॉन प्रॉक्टरशी संबंध होते, त्याने झिडकारल्यावर ती सूड घेते. खरी ॲबिगेल विल्यम्स ११-१२ वर्षांची पोर होती आणि प्रॉक्टर साठीचा. त्यांच्यात असं काही असल्याचा पुरावा नाही. प्रत्यक्षात थॉमस पुटनमसारखे जाणते, जमीनजुमला असलेले पुरुष न्यायाधीशांपुढे जाऊन एकामागून एक फिर्यादी देत होते. पुटनमची जमिनीची हाव मिलर यांनीही दाखवली आहे, पण प्रेक्षकाच्या लक्षात राहते ती ॲबिगेलच. म्हणजे निरपराध बायकांना फासावर चढवल्याचा दोषसुद्धा शेवटी एका पोरीच्या माथ्यावर.

आणि टिट्युबा. सॅम्युअल पॅरिस या पाद्र्याच्या घरातली गुलाम. खटल्याच्या कागदांत तिला सगळीकडे 'इंडियन' म्हटलंय, म्हणजे अमेरिकी मूलनिवासी या अर्थाने. पुढच्या दोनशे-अडीचशे वर्षांत कथा-कवितांनी, नाटकांनी तिला मुलींना रानात नेऊन जादूटोणा शिकवणारी आफ्रिकन बाई करून टाकलं. तिच्या हातून तसं काही घडल्याचं कागदोपत्री कुठे नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मनाला फार बरी वाटली. दोषी ठरलेल्यांपैकी एलिझाबेथ जॉन्सन या बाईचं नाव निर्दोषांच्या यादीत यायचं राहून गेलं होतं. नॉर्थ अँडोव्हरच्या आठवीच्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षिकेने पाठपुरावा केला आणि २०२२ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने ते नाव साफ केलं.

दर्यावर्दी

लेख उत्तम, पण मला काही पटत नाही. गोष्टीतल्या चेटकिणीला इतिहासाच्या कोर्टात उभं करण्याची गरज आहे का? मुलांना भीती हवी असते, आपल्या माणसांच्या गर्दीत बसून घ्यायची भीती. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' घ्या. दिलीप प्रभावळकरांनी केलेली चिंची चेटकीण ज्यांनी पाहिली ते आज साठीला टेकलेत आणि अजून तिच्याबद्दल बोलतात. २०१८ पासून वैभव मांगले ती करू लागले तेव्हा मी मुलीला घेऊन गेलो होतो. चेटकीण मागून येतेय म्हणून सगळं थिएटर ओरडून सांगत होतं. खुर्चीवर उभी राहिलेली पोरं, घसा बसलेली पोरं. त्यातलं एकही पोर घरी जाऊन शेजारच्या आजीला चेटकीण म्हणणार नाही. हा आनंद आपण काढून घ्यायचा का?

रानजाई

दर्यावर्दी, अजिबात नाही. चिंची मलाही प्रिय आहे. पण तिथे काय होतं बघा ना. पुरुष नट, रंगवलेलं तोंड, उघडउघड सोंग, आणि ते सोंग आहे हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही कळतं. हॅमिल्टनबाईंनी टीव्हीवर जे मुद्दाम करून दाखवलं, ते मतकरींच्या बालनाट्यात मुळातच आहे. माझी तक्रार मोठ्यांच्या सिनेमाबद्दल आहे, जिथे दिग्दर्शक गंभीर चेहऱ्याने सांगतो की त्या बाईवर संशय घेणारे बरोबर होते.

बोस्टनकर, ॲबिगेलबद्दलचं अगदी मोलाचं आहे. आठवीच्या मुलांचं मला माहीत नव्हतं.

केतकी

हिंदीत दोन वेगळ्या बायका एकाच पांढऱ्या साडीत गुंडाळतात. चुडैल किंवा आपली हडळ ही मेलेली बाई, बाळंतपणात गेलेली नाहीतर हाल होऊन मेलेली. डायन, डाकीण ही जिवंत, पलीकडच्या घरातली. मेलेलीवर सिनेमा काढला तर कुणाला घरातून ओढून काढता येत नाही. 'स्त्री' (२०१८) काय, 'बुलबुल' (२०२०) काय, दोन्ही पहिल्या प्रकारातले. अन्विता दत्तच्या 'बुलबुल'मध्ये तर उलट्या पायांनाही कारण दिलंय. १८८१ चं बंगाल, बालवधू, आणि नवऱ्याने मारून मारून फोडलेले पाय. आपल्याकडे विशाल फुरियाच्या 'लपाछपी'त (२०१७) उसाच्या फडातली भुतं भीतीदायक आहेत, पण खरी भीती मुलगी नको असलेल्या घराची आहे. पुढे त्याचाच हिंदीत 'छोरी' झाला.

मला राग येतो तो जिवंत डायनवाल्या गोष्टींचा. 'एक थी डायन' (२०१३) मध्ये कोंकणा सेन शर्माचं काम अप्रतिम आहे. गोष्ट काय, तर एका लहान मुलाला वाटतं की घरात आलेली नवी बाई डायन आहे, कुणी त्याचं ऐकत नाही, आणि मुलगाच बरोबर निघतो. डायनची सगळी शक्ती तिच्या वेणीत, वेणी कापली की खेळ खलास. २०१८ साली टीव्हीवर आलेल्या 'नजर' मालिकेतही लांब वेणीची डायनच. आता हे ज्या देशात दाखवतोय तिथे काय चालतं? डायन ठरवलेल्या बायकांचे केस कापून त्यांची धिंड काढतात. २०१७ साली हरियाणा, राजस्थान, दिल्ली, उत्तर प्रदेशात झोपेत वेण्या कापल्या जात असल्याची अफवा उठली, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आग्र्याजवळच्या एका खेड्यात पहाटे बाहेर पडलेल्या एका वृद्ध दलित बाईला डायन समजून लोकांनी मारून टाकलं. सिनेमामुळे ती मेली असं मी म्हणत नाही. पण त्या गर्दीच्या डोक्यात जे चित्र होतं, तेच चित्र आपण तिकीट काढून बघतो, हे मला बोचतं.

निरभ्र

'द विच' (२०१५) ची बाजू घेतो. रॉबर्ट एगर्सने १६३० च्या दशकातलं न्यू इंग्लंड उभं केलंय, संवादांसाठी त्या काळातले कागद धुंडाळलेत. वसाहतीतून बाहेर काढलेलं कुटुंब, रानाच्या कडेला एकटं घर, तान्हं मूल नाहीसं होतं, मका कुजतो. चेटकीण सिनेमात खरीच आहे, मान्य. पण कॅमेरा बहुतेक वेळ घरातच असतो. आईला मोठ्या मुलीचा संशय येतो, बाप चोरी लपवतो आणि तिच्यावर येऊ देतो, जुळी भावंडं तिच्याविरुद्ध बोलतात. रानातली ती बाई काढून टाका, तरी ते घर मोडलंच असतं. आणि ज्यांच्यासाठी चेटकीण वाऱ्यापावसाइतकी खरी होती, त्यांची भीती आतून कळण्यासाठी ती पडद्यावर दिसायलाच हवी, असं मला वाटतं.

रानजाई

निरभ्र, घराबद्दल पूर्ण सहमत, आईचं काम तर विसरता येत नाही. पण शेवटी थॉमसिन, म्हणजे ती मोठी मुलगी, सैतानाच्या वहीत नाव घालते आणि हवेत उचलली जाते. घरच्यांनी तिच्यावर जे जे घातलं ते सगळं शेवटच्या पाच मिनिटांत खरं करून दिलं. लोकांना तो शेवट मुक्तीचा वाटतो. मला तो आरोपावर मारलेला शिक्का वाटतो.

सोनटक्का

माझ्या लेकीची चेटकीण म्हणजे 'किकी'. जपानी दिग्दर्शक मियाझाकीचा १९८९ चा सिनेमा. तेरा वर्षांची पोर झाडूवरून घरोघरी सामान पोचवते, दमते, आजारी पडते, पैसे मोजते. तिला कुणी जाळायला येत नाही. भीतीचा 'भ' नसलेली चेटकीण बघायची असेल तर जरूर बघा.

गोकर्ण

'विकेड'चं नाव अजून कसं कुणी घेतलं नाही? ग्रेगरी मग्वायरची कादंबरी १९९५ ची, ब्रॉडवेवर २००३ पासून, आणि आता २०२४ आणि २०२५ मध्ये दोन भागांत सिनेमा. ऑझच्या त्याच हिरव्या चेटकिणीची बाजू. तिला एल्फाबा हे नाव दिलं ते बॉमच्या आद्याक्षरांवरून. ती दुष्ट का ठरते, तर ऑझवर राज्य करणाऱ्या विझर्डची लबाडी तिला कळते आणि ती गप्प बसत नाही. मग राज्यभर तिची बदनामी होते. रानजाई, तुम्ही म्हणता तो बोट दाखवणारा इथे सिंहासनावरच बसलाय. आणि सेटवरच्या सोयीने आलेला तो हिरवा रंग इथे जन्मापासूनचा कलंक झालाय, त्यावरून सगळी गोष्ट उभी राहते.

बॉमबद्दल आणखी एक. त्यांच्या सासूबाई मटिल्डा जॉस्लिन गेज, बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या. १८९३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी मांडलं की चेटकीण म्हणून मारलेल्या बायका म्हणजे त्या काळातल्या जाणत्या बायका होत्या आणि चर्चला तेच सलत होतं. त्यांनी दिलेला नव्वद लाखांचा आकडा अवाच्या सवा होता, आज तो कुणी इतिहासकार धरत नाही. पण सात वर्षांनी जावयाच्या पुस्तकात चांगल्या चेटकिणी आल्या, त्यात सासूबाईंचा हात आहे असं मानणारे पुष्कळ आहेत. मलाही ते पटतं.

पाटीपेन्सिल

मी नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला एका आश्रमशाळेत शिकवतो. इथे डाकण म्हणतात. दर्यावर्दी, तुमच्या थिएटरमधलं पोर शेजारच्या आजीला चेटकीण म्हणणार नाही हे खरं. इथली परिस्थिती वेगळी आहे.

पाड्यावर मूल तापाने जातं. दवाखाना लांब, पावसाळ्यात नाला ओलांडता येत नाही. मग भगताकडे जातात. तो दाणे टाकून बघतो आणि दिशा सांगतो, कधी नाव सांगतो. नाव बहुतेक वेळा विधवा किंवा एकट्या बाईचं निघतं. पुष्कळदा तिच्या नावावर थोडी जमीन असते आणि दीर-पुतण्यांची त्यावर नजर असते. एकदा नाव निघालं की तिच्या हातचं पाणी बंद, दंड, मारहाण, गावाबाहेर काढणं. जीवही गेलेले आहेत.

सहावीतली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आली ती गप्पच. तिच्या आजीचं नाव निघालं होतं. आम्हाला कळायच्या आत मुलांना कळलं होतं. जेवणाच्या हॉलमध्ये ती बसली की दोन्ही बाजूंच्या मुली ताटं उचलून थोडं पुढे सरकायच्या. भांडण नाही, चिडवणं नाही, नुसतं सरकायच्या. तिची नजर पडली तर पोट दुखतं असं एकीने मला अगदी खरेपणाने सांगितलं. ती पोर तेव्हापासून मान खाली घालून जेवायची, कुणाच्या ताटाकडे बघायला नको म्हणून. रानजाईताई, तुम्ही त्या ॲनबद्दल लिहिलंत, आरोप आत शिरतो म्हणून, ते वाचून मला हीच आठवली.

मी आणि स्वयंपाकाच्या मावशी आळीपाळीने तिच्या शेजारी जेवायला बसू लागलो. हळूहळू मुली सरकायच्या थांबल्या. पण मोबाइलवर लांब वेणीच्या डायनी सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, आणि 'सर, ते तर दाखवलंय' यावर काय बोलायचं हा प्रश्न मला रोज पडतो.

कलमदान

पाटीपेन्सिल सर, तुम्ही करताय ते काम फार मोठं आहे. कायद्याचं थोडं सांगते.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्टला खून झाला, त्यानंतर चारच दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्रतंत्राने जनावरांचं दूध आटवते असं सांगून तिच्याबद्दल संशय निर्माण करणं हा गुन्हा आहे. म्हणजे नाव सांगणारा भगतही यात येतो. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार. रानजाईने युरोपातल्या आरोपांत पहिलं दूध आटल्याचंच लिहिलंय, ते वाचताना मला ही अनुसूचीच आठवली. बिहारने असा कायदा १९९९ मध्येच केला, झारखंडने २००१ मध्ये, छत्तीसगडने टोनहीसाठी (तिकडे चेटकिणीला टोनही म्हणतात) २००५ मध्ये.

झारखंडच्या छुटनी महतो यांच्यावरही डायनचा शिक्का बसला होता. जीव वाचवून घर सोडावं लागलं, पुढे त्यांनी स्वतःसारख्या कितीतरी बायकांना सोडवलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी आसामच्या बिरुबाला राभा यांनाही याच कामासाठी. या दोघींवर मोठा, सगळीकडे पोचेल असा सिनेमा व्हायला हवा, माझं ठाम मत आहे.

तुमच्या शेजारच्याच मुलखातला एक माहितीपट आहे, 'टेस्टिमनी ऑफ ॲना', सचिन धीरज मुंडिगोंडा यांचा, डांगी भाषेतला. गुजरातच्या डांगमधल्या एका आदिवासी बाईची, तिला डाकीण ठरवल्याची तिच्याच तोंडून कहाणी. ६८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागात सर्वोत्कृष्ट ठरला होता. मोठ्या मुलांना आणि गावातल्या बायकांना दाखवता आला तर बघा.

गोकर्ण

सर, लहान मुलांसाठी 'मकडी' दाखवा. विशाल भारद्वाजचा पहिला सिनेमा, २००२ चा. जुन्या हवेलीत चुडैल राहते, आत गेलेल्याला ती प्राणी करून टाकते, अशी गावभर भीती. जुळ्या बहिणींपैकी मुन्नी आत जाते आणि बाहेर कोंबडी येते. शबाना आझमींची चुडैल बघून मी लहानपणी चादरीत तोंड घातलं होतं. आणि शेवटी काय निघतं? चुडैल नाहीच. हवेलीत खजिना शोधणारी बाई, आणि गावाने तिकडे फिरकू नये म्हणून मुद्दाम वाढवलेली भीती. ही भीती कुणाच्या उपयोगाची, हा प्रश्न विचारायला याहून सोपी गोष्ट मला माहीत नाही. शिवाय ती उघडकीला आणणारी एक खोडकर मुलगी आहे.

दर्यावर्दी

पाटीपेन्सिल सर, तुमचा प्रतिसाद वाचून मघाचं माझं म्हणणं अर्ध्यावर आणतो. भीतीचा आनंद ज्याला सोंग कळतं त्यालाच. ज्या गावात नाव निघतं तिथे आधी सोंग उलगडून दाखवायला हवं. चिंचीचा मेकअप मुलांसमोर चढवून दाखवला तर? शाळेत नाटक बसवा ना सर. तुमच्याच मुलांतली एखादी चेटकीण, तोंड तिथेच सगळ्यांसमोर रंगवायचं. रंगाचा डबा आणि टोपीचा पुठ्ठा मी कुरिअर करतो.

केतकी

नाटकाची कल्पना छान, फक्त चेटकिणीचं काम मुलाला द्या. त्या मुलीला तर नकोच, आणि कुठल्याच मुलीला नको.

मोठ्यांसाठी एक सुचवते. अमृता सुभाष आणि अनिता दाते यांचा 'जारण' (२०२५), हृषीकेश गुप्तेंचा. करणी झालीय या समजुतीखाली माणूस आतून कसा पोखरतो हे त्यात आहे. शाळेत नको, पण शिक्षकांनी बघायला हरकत नाही.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. 'मकडी' मिळवतो. प्रोजेक्टर आहे, शनिवारी संध्याकाळी पाचवी ते सातवीला एकत्र बसवता येईल. दर्यावर्दी, पत्ता व्यक्तिगत संदेशातून पाठवतो, टोपी नक्की पाठवा. केतकीताई, काम मुलालाच देणार.

एक शंका आहे. सिनेमाचा पहिला अर्धा भाग भीतीचा आहे म्हणता. लहानांतली काही रडून मध्येच उठून गेली, तर ती फक्त चुडैल बघून जातील आणि शेवट राहून जाईल. काय करावं?

गोकर्ण

आधीच सांगून टाका की शेवटी चुडैल खोटी निघते. गंमत थोडी कमी होईल, होऊ द्या. आणि मुन्नीची कोंबडी होते तिथे थांबवून विचारा, कोंबडी होताना कुणी डोळ्यांनी पाहिलं? सिनेमातही कुणी पाहिलेलं नसतं. मुलं आपणहून सांगतील.

रानजाई

सर, गोकर्ण म्हणतात तसंच करा. आणि आणखी एक, जमलं तर स्वयंपाकाच्या मावशींनाही मुलांबरोबर बसवा. रात्री झोपताना घाबरलेली पोरं त्यांच्याकडेच जाणार. नाटक बसलं की इथे लिहा, फोटो मुलांचे चेहरे न दाखवता टाका.